पोतनीसकाकांचा डावा पंख

आमच्या समोर राहणारे पोतनीसकाका गाडी कधीच डावीकडे वळवत नसत. उजवीकडे वळवत, सरळ नेत, एकदा तर गर्दीच्या वेळी टावर चौकातून चांगली शंभर पावलं रिव्हर्समध्ये मागे आलेले मी पाहिलेत. पण डावीकडे नाही. भाजीबाजार आमच्या घरून डाव्या हाताला आहे. तर काका काय करायचे, तो रस्ता सोडून सरळ पुढे जायचे, मग उजवीकडे, मग परत उजवीकडे, मग परत उजवीकडे, आणि अख्ख्या मोहल्ल्याला प्रदक्षिणा घालून पाव किलो गिलक्यांसाठी भाजीबाजाराच्या तोंडाशी हजर व्हायचे.

मी शाळेत गणित शिकवतो. दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे काय, हे तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलेला माणूस मी. पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा तिसऱ्या उजव्या वळणाला माझा पारा चढला.

"काका, हा काय चक्कर आहे? सीधं डावीकडे वळा की."

"मास्तर, डावा पंख नाहीये," काका शांतपणे म्हणाले. "इशारा द्यावा, मग वळावं."

पंख म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. काकांची गाडी जुनी मॉरिस मायनर. माझ्याहून मोठी आणि काकांहून थोडी लहान. त्या काळच्या गाड्यांना आजच्यासारखे लुकलुकणारे दिवे नसत. दोन दारांच्या मधल्या खांबात, दोन्ही बाजूंना, वीतभर लांबीची एक दांडी लपवलेली असे. बटण दाबलं की ती खट्‌कन बाहेर येऊन आडवी व्हायची, तिच्यात नारिंगी दिवा लागायचा, आणि मागच्याला कळायचं की स्वारी या बाजूला वळणार. काका तिला पंख म्हणतात. त्यांच्या गाडीचा उजवा पंख शाबूत होता. डाव्याच्या जागी नुसती खाच होती, आणि गांधीलमाशीनं घर करू नये म्हणून तिच्यात जुन्या साडीचा हिरवा तुकडा कोंबलेला होता.

आता कुणी म्हणेल, एवढंच ना, मग छोटासा दिवा बसवून घ्यावा. मीही म्हणालो होतो. त्यावर काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

"इशारा द्यावा, मग वळावं" हे त्यांचं वाक्य काही रस्त्यापुरतं नव्हतं. दूधवाल्यानं न सांगता दांडी मारली की काका फाटकाशी उभे राहून त्याला विचारायचे, "भिया, इशारा दिया था क्या?" नळाला पाणी आलं नाही तरी तेच. मागच्या गल्लीतल्या जोश्यांची मुलगी घरून पळून जाऊन लग्न करून आली तेव्हा सगळा मोहल्ला कुजबुजत होता. काका मात्र हळहळले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. म्हणाले, "पोरीनं इशारा द्यायला हवा होता. मी गाडी दिली असती."

पोतनीस म्हणजे जुन्या दरबारातल्या खजिन्यावरचे लोक. त्या खजिन्यातलं काकांपर्यंत काय पोचलं म्हणाल तर आडनाव आणि मोडी लिपी. वडिलांनी छडी मारून शिकवलेली मोडी काकांनी कामाला लावली ती गाडीच्या सामानात. सरकारी नोकरीत नकाशे काढण्यात जन्म गेलेला, त्यामुळे टापटीप भारी. श्रीखंडाचे रिकामे डबे धुऊन त्यांत नट, स्प्रिंगा, वायसर, जुने बल्ब भरायचे आणि वर मोडीत चिठ्ठी चिकटवायची. चाळीसेक डबे भिंतीशी ओळीनं. चोर आला तरी त्याला पाना सापडायचा नाही. मला काका एकेक चिठ्ठी वाचून दाखवायचे, "हे कार्बोरेटरचं, हे ब्रेकचं, हे कशाचं ते अजून ठरलेलं नाही." फक्त सगळ्यात वरच्या फळीवरचा एक डबा ते वाचायचे नाहीत. विचारलं तर "असंच, फुटकळ" म्हणायचे.

आम्ही त्या घरासमोर राहायला आलो तेव्हा काका एकटे होते. काकू आदल्या वर्षी गेल्या होत्या. फोटो पाहिलाय, ठसठशीत कुंकू आणि हसू दाबून धरलेला चेहरा. त्यांच्याविषयी काका बोलत नसत आणि आपण होऊन विचारणं मला जमलं नाही.

बोलायची ती त्यांची मुलगी, अलका. पुण्याला असते. पहिल्याच महिन्यात तिनं माझा नंबर मिळवून फोन केला. "सर, बाबा मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलतात, न्हाणीघरात एकदा पडलेत, एकटे आहेत. इकडे या म्हटलं की म्हणतात, गाडी अपुरी टाकून येणार नाही. डावा पंख मिळाला की गाडी पूर्ण, मग ती चांगल्या माणसाला देतो आणि येतो. तसा शब्द दिलाय त्यांनी मला. सर, तेवढा पंख शोधायला त्यांना मदत करा ना."

मुलीच्या जातीनं इतक्या काकुळतीनं सांगितल्यावर नाही कसं म्हणणार. शिवाय मला वाटलं, एक वीतभर दांडी ती काय, दोन महिन्यांत आणू.

तीन वर्षं लागली. इंदूरचा भंगारबाजार पालथा घातला. देवासला एका बंद गॅरेजात गेलो, तिथे गाडी नव्हतीच, गाडीच्या नावाखाली जीप निघाली. रतलामला एका डॉक्टरांच्या परसात खरी मॉरिस होती, पण तिच्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी उबवायला बसली होती आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिल्लं निघेपर्यंत दार उघडायचं नाही. आम्ही एकवीस दिवसांनी परत गेलो. बडनगरकडच्या एका खेड्यात तर गाडीच्या बॉनेटमध्ये कोथिंबीर लावलेली होती. मालकानं आम्हाला दांडी दिली नाही, जुडी मात्र दिली.

आणि जिथे पंख मिळाला तिथे काकांना तो पटला नाही. खिशातून रुमाल काढायचे, पंख पुसायचे, उजेडात धरायचे, कानाशी नेऊन हलवायचे. "याचा पाय वाकलाय." "याची काच मागाहून बसवलेली आहे." एकदा तर इंदूरचा कबाडी वैतागून म्हणाला, "बाबूजी, बराबर तो है. इसमें खराबी क्या है?" काका पंख त्याच्या हातात परत देत म्हणाले, "भिया, इसकी तबियत ठीक नहीं." परतताना मी बसमध्ये त्यांच्याशी एक अक्षर बोललो नाही. आमच्या नानाखेड्याच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांनीच मला कचोरी खाऊ घातली आणि म्हणाले, "मास्तर, घाई काय आहे?"

घाई अलकाला होती. दिवाळीनंतर काका पुन्हा पडले. या वेळी फाटकाशीच पडले, मी धावत जाऊन उचललं. मनगट सुजलं होतं. अलकाचा फोन आला, आणि बोलता बोलता ती रडायला लागली. मग मी ठरवलं की हा पंख आता मीच आणायचा, आणि असा आणायचा की यांना नाव ठेवायला जागा उरता कामा नये.

माझ्या मेव्हण्यांच्या ओळखीनं ग्वाल्हेरला मोटारीच्या सामानाच्या एका बंद पडलेल्या दुकानाचा माळा पाहायला मिळाला. दोन दिवस धूळ खाल्ली. तिथे पुठ्ठ्याच्या मूळ खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला, कुणी कधी न लावलेला मॉरिसचा डावा पंख होता. मी एवढा खूश झालो की ट्रेनमध्ये तो मांडीवर घेऊन बसलो. समोरच्या बाईंनी विचारलं, "प्रसाद है क्या?" मी हो म्हणालो.

घरी न जाता सरळ काकांकडे गेलो. काकांनी खोकं उघडलं. रुमाल काढला, पण पुसायला काही नव्हतंच. उजेडात धरला. कानाशी हलवला. मग बॅटरीला दोन तारा लावल्या. खट्‌कन पंख वर आला आणि नारिंगी दिवा लागला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. शाबासकीची वाट बघत होतो म्हणा ना.

"बराबर आहे," काका म्हणाले. त्यांनी तारा काढल्या, आणि मग आत जाऊन चहा करून आणला. त्यात साखर घालायची विसरले होते.

चहा झाल्यावर स्टूल घेऊन ते वरच्या फळीशी चढायला लागले. "पडाल," म्हणून मीच तो न वाचलेला डबा खाली काढून दिला. त्यांनी झाकण उघडलं. आत मऊ फडक्यात तीन पंख होते. तिन्ही डावे.

"हा चौथा," काका म्हणाले.

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. कोंबडीचे एकवीस दिवस माझ्या डोक्यात होते. माझ्या रविवारांचं तुम्ही हे केलंत, त्या पोरीला तिकडे रडवलंत, आणि हे डब्यात घालून बसलात, असं बरंच काही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी दमलो तेव्हा म्हणाले, "बसा, मास्तर."

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर काही वर्षांतली गोष्ट. श्रावणी सोमवारी राम घाटाकडे जाताना गर्दीत एका हातगाडीचा धक्का लागून डावा पंख तुटला. पुढे डावीकडे वळायचं होतं. काका गाडी थांबवून बसले, कारण इशारा दिल्याशिवाय वळणार कसं. तेव्हा डाव्या बाजूला बसलेल्या काकूंनी खिडकीची काच खाली केली आणि आपला हात बाहेर काढला. हिरव्या बांगड्यांचा हात. मागचे टांगे, सायकली, एक बस, सगळे जागच्या जागी थांबले.

"पंख कुणाला दिसायचा नाही, मास्तर. तिचा हात सगळ्यांना दिसायचा."

पुढच्याच वर्षी नवा पंख मिळाला. काका तो लावायला बसले तर काकू जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग मी गाडीत काय करू? नुसती बसू?" काकांनी पंख डब्यात ठेवला. नंतर आणखी दोन मिळाले, तेही ठेवले. डावीकडे वळायचं आलं की काका म्हणायचे, "अगं, हात." की हात बाहेर. चाळीस वर्षं. बोलता बोलता, भांडता भांडता, एकदा तर तापात फणफणलेल्या असताना, दवाखान्याच्या वळणावर.

"आणि गेली ती सकाळी, चहाचं आधण ठेवता ठेवता. मी पेपर वाचत होतो. काही इशारा नाही, काही नाही."

 मी डब्यावरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "काय लिहिलंय?"

"सुशीला," ते म्हणाले.

मला माझीच लाज वाटली. मी म्हणालो, "काका, मी हा पंख ग्वाल्हेरला परत देऊन येतो. अलकाला सांगतो, मिळाला नाही."

"नको. पोरीला शब्द दिलाय. शोधायला जायचो तेव्हा वाटायचं, अजून काही दिवस आहेत. आता तुम्ही बिनदोष आणलात. किती दिवस खोटं बोलायचं?" माझ्यासमोरच त्यांनी अलकाला फोन लावला आणि म्हणाले, "मिळाला गं. मास्तरांनी आणला." पलीकडून ती आनंदानं काय काय बोलत होती ते मला खुर्चीवर बसून ऐकू येत होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. इंदूरच्या एका शौकीन माणसानं गाडी घ्यायचं ठरवलं. माणूस चांगला होता, बॉनेट उघडण्याआधी त्यानं चपला काढल्या. काकांनी हिरवा तुकडा खाचेतून काढून खिशात ठेवला आणि नवा पंख स्वतःच्या हातानं बसवला. मला जवळ येऊ दिलं नाही.

गाडी न्यायला तो येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी काका फाटकाशी आले. धुतलेलं धोतर, वर कोट. "मास्तर, राम घाटावर जाऊन येऊ. येता?"

मी डाव्या सीटवर बसलो. गाडीत त्या दिवशी मीच बोलत होतो, पुण्याची हवा, डोळ्याचं ऑपरेशन, कायबाय. काका हूं हूं करत होते. टावर चौक आला. तिथून आम्हाला डावीकडे वळायचं होतं. इतकी वर्षं ते इथून सरळ जात आणि चौकातला हवालदार ते पाहून हसत असे. त्या दिवशी काकांनी वेग कमी केला. बटण समोर होतं, पंख नवा होता, दाबलं की झालं. त्यांचा हात बटणाजवळ गेला आणि तिथेच राहिला. मागे ऑटोवाले हॉर्न वाजवायला लागले.

"अगं, हात," काका म्हणाले.

ते माझ्याकडे बघत नव्हते. समोर रस्त्याकडे बघत होते. आपण काय बोललो हे त्यांना कळलं की नाही, मला अजून माहीत नाही.

मी काच खाली केली आणि हात बाहेर काढला. मागचा ऑटो थांबला, त्याच्या मागची बस थांबली. हवालदारानं आमच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या बाजूची गाड्यांची रांग रोखून धरली. काकांनी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी डावीकडे वळली.

वळण संपलं, पुलाचा चढ लागला, तरी मी हात आत घेतला नाही. काकांनीही घ्या म्हटलं नाही.