शालूआत्यांची बिनचाकी गाडी

आमच्या शालूआत्या बासष्ट वर्षांच्या आहेत आणि ताशी बाराशे किलोमीटर वेगाने गाडी चालवतात.

हे मला कळलं त्या दिवशी माझ्या हातातली सोनेरी रंगाने भरलेली वाटी खाली पडली. कारण याच आत्या रिक्षात बसल्या की पहिल्या गिअरपासून ओरडायला लागतात, "हलू रं बाबा! मागं वाघ लागलाय काय?" पेण स्टेशन ते आमचं घर पायी दहा मिनिटं. आत्यांसोबत रिक्षाने पंधरा.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. लग्न केलं नाही. पेणला आमचा गणपतींचा लहानसा कारखाना आहे आणि चाळीस वर्षं तिथल्या प्रत्येक मूर्तीचे डोळे आत्यांनी काढलेत. आम्ही त्याला आखणी म्हणतो. मी मुकुट, दागिने, सोवळं रंगवते. डोळ्यांपर्यंत माझा ब्रश कधी गेला नव्हता. आत्यांच्या उजव्या हाताचे जेवढे लाड होतात तेवढे आमच्या घरी जावयाचे होत नाहीत. तो हात कपडे पिळत नाही, बादली उचलत नाही, नारळ फोडत नाही. रिक्षातली ओरड त्याच्यासाठीच. धक्का बसायला नको.

तर माझा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि टीव्हीला जोडायचा गेमचा डबा मागे राहिला. मी तो माळ्यावर टाकणार होते. एका दुपारी बाहेरच्या खोलीत आले तर आत्या पाटावर मांडी घालून बसलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, दोन्ही अंगठे बटणांवर. पडद्यावर हजार-दोन हजार वर्षांनंतरचं कुठलं तरी शहर, ढगात गेलेल्या इमारती, आणि त्यांच्यामधून सुसाट सुटलेली, जमिनीला न टेकणारी गाडी.

"आत्या! हे काय चाललंय?"

"गप गो मंगल. वलन हाय."

वळण संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हिला चाकं नाय, म्हंजे खड्ड्याचं भ्या नाय. वडखलच्या नाक्याला हीच पायजे."

मग हे रोजचंच झालं. दुपारची झोप गेली, गाडी आली. भिंतीला घासली की ठिणग्या उडायच्या आणि आत्या स्वतःलाच शिव्या घालायच्या. खेळून झालं की ते बटणांचं यंत्र माझ्या हातात देत, "जरा धर गो, पाय मोकले करून येते." पडद्यावर गाडी उभी राहिलेली बघवायची नाही म्हणून मीही हाकायची. पहिल्या दिवशी तीनशेला आपटले.

एकदा झाडताना दरवाजामागे बघते तर भिंतीवर कोळशाने आकडे. बाराशे दहा, बाराशे पाच, अकराशे नव्वद. खाली दुसरी ओळ : तीनशे, चारशे वीस, पाचशे. रोजचा एक-एक. झाडू तिथेच टाकून मी टीव्हीसमोर गेले. या वयात!

"आत्या, मटका लावता की काय तुम्ही?"

त्या ठसका लागेपर्यंत हसल्या. "लावते. माझ्यावरच लावते."

मला काही कळलं नाही. गणपती जवळ आले. फळ्यांवर मूर्ती रंगून तयार, सगळ्या बिनडोळ्यांच्या, आणि आत्या टीव्हीसमोर. शेवटी माझा पारा चढला. "लोक मूर्ती न्यायला येतील आणि तुम्ही गाड्या काय उडवताय? डोळे कधी काढणार?"

"बाराशेच्या खाली डोले नाय," आत्या शांतपणे म्हणाल्या.

"म्हणजे?"

"त्या येगात अंगठा केसभर हलला तरी गाडी भितीला घासते. तुमाला इचारलं तर तुमी म्हनाल, आत्या, हात झकास हाय. तुमी घरची मानसं. या डब्याला माझी भीड नाय." त्यांनी दरवाजा जरा लोटून मागच्या भिंतीवरच्या आकड्यांकडे बोट केलं. आदल्या दिवशीचा आकडा अकराशे दहा होता.

मग तो लाडका हात त्यांनी माझ्यापुढे धरला. थरथरत होता. फार नाही, ट्रक गेल्यावर हंड्यातलं पाणी हलतं तेवढा. मी शेजारी बसून मुकुट रंगवत होते आणि मला दिसलं नव्हतं.

"डॉक्टरला दाखवा."

"दाखवला. रोह्याला भयनीकडं गेलते तवाच. वय झालं म्हनतो."

"मग यंदा डोळे काढणार कोण?"

"तू."

माझा विश्वास बसेना. आत्यांनी दरवाजा आणखी लोटला. "ती खालची वल तुझी हाय."

मी वाकून बघितलं. शेवटचा आकडा नऊशे साठ. "बाराशे कुठे झालेत माझे?"

"नाय झाले. पन गेल्या पंधरा दिवसांत एकदा पन भितीला लागली नायस. येग मागनं येतो."

मग टवके उडालेल्या मूर्तींवर माझी परेड सुरू झाली. आत्या मागे उभ्या. "हा बघतोय का झोपलाय?" "पूस. हा तर गिऱ्हाइकाला डोला मारतोय!" आठवड्याने त्यांनी फळीवरची एक चांगली मूर्ती माझ्यापुढे ठेवली आणि तिच्या डोळ्यांना एकदाही 'पूस' म्हटलं नाही. ती रोह्याच्या बहिणीकडे द्यायचं ठरलं.

दिवा–रोहा गाडीत आत्यांनी मूर्ती मांडीवर घेतली, दोन्ही पंजांची ओंजळ करून. रोह्यात बहिणीने फडकं काढलं. "शालू, डोले काय जमलेत गो यंदा!"

"माझे नाय. हिचे."

बहिणीने आत्यांच्या हाताकडे बघितलं आणि ती चहा टाकायला उठली.

परत पेणला उतरून रिक्षा केली. रिक्षावाला ओळखीचा, आपणहून हळू चालवत होता. आत्यांच्या मांडीवर आता काही नव्हतं.

"सोड की रं जोरात," आत्या म्हणाल्या. "आता हा हात सांभालून काय करायचा?"

रिक्षावाला मान वळवून बघतच राहिला. मग मी म्हटलं, "हळूच चालव रे. उद्या मला अकरा मूर्तींचे डोळे काढायचेत."

आत्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला, मांडीवर ठेवला आणि वर दोन्ही पंजांची ओंजळ केली. जाताना मूर्ती धरली होती, तशीच. पुढे खड्डा आला.

"हलू रं बाबा!" आत्या ओरडल्या. "मागं वाघ लागलाय काय?"