शेवंता शेळीची नोंदणी

एका जंगलात, पोरांनो, वाघाने नर्स खाल्ली. नाकं पुसा आणि नीट ऐका. खाल्ली तर खाल्ली, पण मेल्याने टाके अर्धे घालून झालेले असताना खाल्ली. जखम चिघळली. महिनाभर कण्हत पडला. उठल्या उठल्या त्याने कायदा केला: नर्सिंग कौन्सिलात जिची नोंदणी आहे, त्या नर्सला कुणी खायचं नाही. नोकरी सोडली की नाव कटलं. नाव कटलं की ती पुन्हा नुसती शेळी.

हे ऐकून शेवंता शेळीचे कान उभे राहिले. तिची आई आणि दोन मावश्या वाघाच्या पोटात गेल्या होत्या.

"मी नर्स होणार," ती म्हणाली.

"अगं, लोकांची घाण काढावी लागते त्यात," आत्या म्हणाली.

"आणि वाघाच्या पोटात काय अत्तर शिंपडलंय, आत्या?"

शेवंताने बारावीला सायन्स घेतलं. प्रवेश परीक्षा दिली. मग चार वर्षं कॉलेज आणि दवाखाना. बेडपॅन धुतले, सुया टोचल्या, माकडांच्या शिव्या खाल्ल्या, रात्रपाळ्या केल्या.

तिची चुलत बहीण रुक्मी खिदळायची. रुक्मीने कोल्ह्याच्या क्लासात सहा महिन्यांत पांढरा कोट मिळवला होता. कोट झकास होता. पहिलाच पेशंट आला तो वाघ.

"नोंदणी नंबर काय?"

"कोट बघा की," रुक्मी म्हणाली.

वाघाने कोट तेवढा थुंकून टाकला.

इकडे शेवंता शेवटची परीक्षा पास झाली आणि धावत जाऊन कौन्सिलात नाव नोंदवून आली. वाघ पंजाला गळू घेऊन हजर. पू काढताना केवढ्याने डरकाळला!

"ओरडायचं नाही," शेवंता म्हणाली. "पंजा हलवलात तर पुन्हा पहिल्यापासून."

वाघाने पंजा स्थिर धरला. पण बघत होता तिच्या मांडीकडे. शेवंताने ते हेरलं. आणखीही एक हेरलं. गळू काही केल्या भरेना, आणि वाघ जिथे मुतायचा तिथे मुंग्या लागायच्या. तिने वाघाचं रक्त तपासायला पाठवलं.

मग एके दिवशी वाघ स्वतःच तिच्यासाठी स्थळ घेऊन आला. एक बोकड आणि बोकडाची आई.

"सिस्टर, वय निघून चाललं," वाघ मायेने म्हणाला.

आत्याने कोवळा पाला पुढे ठेवला. बोकडाच्या आईने शेवंताला चालायला लावलं, दात बघितले.

"पसंत आहे. एकच अट. लग्नानंतर नोकरी सोडायची."

"सोडली तर वाघ खाईल मला."

"अगं, बाईच्या जातीला थोडं सहन करावंच लागतं."

शेवंता बोकडाकडे वळली. "तुमचं काय म्हणणं?"

"आई म्हणेल तसं," बोकड पाला चघळत म्हणाला.

"हो म्हण गं," आत्याने ढोसलं. "असं स्थळ पुन्हा यायचं नाही."

"मी पण तेच म्हणतो," वाघ म्हणाला. त्याची लाळ पट्टीवर टपटपत होती.

शेवंताने त्याची पट्टी घट्ट आवळली. "रिपोर्ट आला तुमचा. साखर आहे तुम्हाला. रोज इंजेक्शन लागणार."

"किती दिवस?"

"जन्मभर."

वाघाची लाळ आटली. "दुसरं कुणी टोचेल की."

"रुक्मी होती ना एक."

वाघाने पंजा मागे घेतला. मग बोकडाच्या आईला म्हणाला, "बाई, सिस्टर नोकरी सोडणार नाहीत."

"मग आम्ही निघतो," ती उठली.

"निघता कुठे? तुमची नोंदणी कुठाय?"

"थांबा!" शेवंता ओरडली. बोकडाच्या आईच्या जिवात जीव आला.

"आधी इंजेक्शन," शेवंता वाघाला म्हणाली. "जेवण मग."

तात्पर्य: मुलींनो, भरपूर शिका, पास व्हा, नोंदणी करा. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. ज्याला तुम्हाला खायचंय, त्याचा एखादा जन्माचा आजार शोधून ठेवा.