शेपटीचा रकाना

एका जंगलात, मुलांनो, पाणी ऑनलाइन मिळायचं.

म्हणजे पाणी तळ्यातच होतं. पण उन्हाळ्यात डबकी आटायला लागली, की आतली पिल्लं तळ्यात हलवायला हत्ती लागायचा. तो पाण्यासकट पिल्लं सोंडेत ओढून घ्यायचा आणि अलगद तळ्यात सोडायचा. हत्ती हवा, तर पोर्टलवर अर्ज. पोर्टल माकडांनी पीएचपी या संगणकभाषेतल्या एका तयार फ्रेमवर्कवर, म्हणजे आयत्या सांगाड्यावर, बांधलं होतं आणि ते चक्क चालायचं. दचकू नका. असं होतं कधी कधी.

मंडाबाई नावाच्या बेडकीचं डबकं अर्ध्यावर आलं. आत तिची पिल्लं. काळी, इवलीशी, नुसती शेपटीवर पोहणारी. पाय अजून फुटायचे होते.

मंडाबाई वडाखाली लावलेल्या पोर्टलच्या पडद्यापाशी आली. नाव भरलं. डबकं भरलं. पुढचा रकाना होता, ‘अर्जदाराच्या शेपटीची लांबी’.

मोठ्या बेडकाला शेपूट नसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पोर्टलला नव्हतं. तिने रकाना रिकामा सोडून बटण दाबलं.

लालभडक अक्षरं थरथरत आली: ‘शेपटीची लांबी आवश्यक आहे!’

मंडाबाई टुणकन मागे उडाली. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं. मग शून्य लिहिलं.

‘लांबी शून्यापेक्षा जास्त असावी!’

घाबरत घाबरत एक वीत लिहिलं, तर शेपटीचा फोटो मागितला.

ती डबक्यापाशी परतली. “आई, आमच्या शेपटीचा लाव ना,” पिल्लं म्हणाली. तिने पुन्हा वडाखाली जाऊन पिल्लांच्या नावाने अर्ज भरून पाहिला.

‘अर्जदार सज्ञान असावा!’

शेवटी ती कचेरीत गेली. तिथे पिसारे साहेब नावाचे मोर बसायचे. अर्जदारांना बरं वाटतंय की नाही, हे बघायचं खातं त्यांच्याकडे होतं.

“साहेब, मला शेपूट नाहीये हो.”

“संदेश वाचून तुम्हाला वाईट वाटलं?”

“वाटलं ना. पण ते डबकं...”

“लाल रंग! मी केव्हाचा सांगतोय. हुप्या!”

हुप्या हा पोर्टल सांभाळणारा वानर. तो शेंगा खात आला.

“तो लाल काढ. पळसाच्या पाकळीसारखा काहीतरी दे.”

“साहेब, त्या रकान्यापुढचा ‘आवश्यक’ एवढा शब्द काढला ना, तर बाईंचं आत्ता काम होतंय.”

“तुला कामाचं तिकीट कशाचं आलंय?”

“रंगाचं.”

“मग?”

हुप्याने पुढची शेंग सोलली.

डबकं घोट्याएवढं झालं, तेव्हा मंडाबाई पुन्हा पडद्यापाशी गेली. आता चौकटीचे कोपरे गोल झाले होते. थरथर थांबली होती. संदेशाच्या आधी एक छोटं फूल उमलायचं आणि मग फिकट गुलाबी अक्षरं हळूच यायची: ‘अरेरे! शेपटीची लांबी राहिली वाटतं.’

“राहिली नाही हो, नाहीच आहे,” मंडाबाई पडद्याला म्हणाली.

“आता कसं वाटतंय?” मागून पिसारे साहेबांनी विचारलं.

“मऊ वाटतंय. पण हत्ती...”

“मऊ! हुप्या, बाई मऊ म्हणाल्या!”

बातमी पसरली. हरणं मुद्दाम चुकीचा अर्ज भरायला आली. कोल्होबा तर शेपूट असून रकाना रिकामा सोडायचा. “वा! काय सुंदर चुकलो मी!” म्हणायचा. मंडाबाईला आता रांगेत उभं राहावं लागलं.

साहेबांनी मग त्या फुलाला वाऱ्यावर डोलायला लावलं. त्यात आणखी दिवस गेले. इकडे डबक्यात पाण्यापेक्षा चिखल जास्त झाला.

आणि मुलांनो, पिल्लं मोठी झाली. त्यांना पाय फुटले. शेपट्या झडल्या. एका संध्याकाळी ती आपली आपणच उड्या मारत गवतातून तळ्यापर्यंत गेली. डुबुक. डुबुक.

सगळी?

नाही. चिखल आधी कडेचा सुकतो. कडेला जी होती, ती तिथेच राहिली. ती किती, हे विचारणारा रकाना पोर्टलवर नव्हता.

मंडाबाई पुन्हा कचेरीत आली नाही. साहेबांनी अहवाल धाडला: ‘संदेश सजवल्यापासून बेडकांची एकही तक्रार नाही.’ सिंहमहाराजांनी त्यांना मानाचं पीस दिलं. मोरालाच! टाळ्या हुप्याने सगळ्यात जोरात वाजवल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मंडाबाईची धाकटी लेक स्वतःच्या पिल्लांसाठी अर्ज भरायला बसली. शेपटीच्या रकान्यापाशी अडली. बटण दाबलं. फूल डोललं.

“अय्या आई, बघ ना गं, किती गोड आहे!”

मंडाबाई दचकली. लाल अक्षरांनाही ती कधी इतकी दचकली नव्हती.

तात्पर्य: मुलांनो, चूक दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये. ती नीट सजवावी. वाट बघणारा एक तर मोठा होतो, नाहीतर सुकतो. तक्रार दोन्हीकडून मिटते.