नमुन्यावरून कापलेली चेन

"जे उसवता येतं, ते शिवता येतं!" असं म्हणून मास्तरांनी शुक्रवारी दुपारी सायकल कापणीच्या टेबलावर उलटी उभी केली.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. गल्लीतल्या निम्म्या पँटी त्यांनी शिवलेल्या. उरलेल्या निम्म्यांत सासऱ्यांची पँट होती, आणि तीच त्यांना अकरा वर्षं टोचत होती. सासरे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. कपडे शिवायला ते तीन बसथांबे ओलांडून दुसऱ्या टेलरकडे जात. "जावयानं बिघडवलं तर भांडायचं कुणाशी?" असं वर विचारत.

सायकलही त्यांचीच. जाड टायरची, डोंगर चढणारी, वीस वर्षांची. गुडघे कुरकुरायला लागल्यावर ती जावयाकडे आली. येत्या रविवारी मात्र त्यांना चार वर्षांनी टेकडीच्या माथ्यावर जायचं होतं. डॉक्टर म्हणाले, "जा, पण हलक्या गिअरवर." इतका हलका गिअर जुन्या सायकलला नव्हता. मास्तरांनी ठरवलं, आपण बसवायचा. मग बघू पँट कुठे जाते!

उसवण

पेडलांच्या मधल्या आसाला दोन बाजूंनी दोन टोपणं. डावं सुटलं. उजवं हलेना.

"उजव्याचे आटे उलटे असतात, असं सायकलवाला म्हणाला होता," मास्तर पान्ह्याला लोंबकळत म्हणाले.

"मग फिरवा उलटं," बायको म्हणाली.

"पण सायकलच उलटी आहे. म्हणजे उलट्याचं सुलटं?"

"उजवं म्हणजे तुमचं उजवं, की सायकलचं?"

"सायकल डोक्यावर उभी आहे गं!"

"मग तुम्हीही राहा. तिला काय दिसतंय ते कळेल."

मास्तर खरंच टेबलावर आडवे झाले, मान खाली सोडली आणि जग उलटं पाहिलं. त्याने एवढंच कळलं की छताला रंग द्यायला झालाय. शेवटी सायकलवाल्याला फोन.

"मास्तर, आधी सायकल सरळ उभी करा."

"मग?"

"मग तुम्ही सरळ उभे राहा!"

टोपण सुटलं. पान्हाही सुटला, मास्तरही सुटले, आणि दारातला पुतळा कोटासकट आडवा झाला.

मापाच्या वहीतलं पान, शनिवार

पुढे दात्यांच्या तीन चकत्या होत्या. आता एक.
मागे सात होत्या. आता अकरा.
जुन्या चाकावर अकरा बसत नाहीत. नवं चाक.
चेन सरकवणारा जुना आकडा अकरापर्यंत पोचत नाही. नवा आकडा.
नव्या आकड्याला गिअर बदलायचा जुना खटका ओळखत नाही. नवा खटका.
जुनं काय उरलं? घंटी.
*(खाली बायकोच्या अक्षरात)* आणि नवरा.

कापणी

नवी चेन लांब होती. तोडायला हवी. किती?

इथे मास्तर खुदकन हसले. अहो, हे तर रोजचंच काम! गिऱ्हाईक जुनी पँट आणतं, म्हणतं, "अश्शीच शिवा." नवं कापड अंथरायचं, त्यावर जुनी पँट ठेवायची, खडूची रेघ मारायची, कात्री चालवायची. अठ्ठावीस वर्षांत एकही पँट परत आलेली नाही! मास्तरांनी जुनी चेन टेबलावर ताणली, शेजारी नवी ठेवली, खडूची खूण केली आणि दहा कड्या उडवल्या.

"सूतभर फरक नाही!" ते म्हणाले.

खरंच नव्हता. फक्त जुन्या सायकलची मागची मोठी चकती होती बशीएवढी, आणि नव्या सायकलची ताटाएवढी. पोट सुटलेल्या माणसाची पँट त्याच्या कॉलेजातल्या पँटीवरून कापली तर काय होईल, हे मास्तरांना कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्यांनी सांगितलं असतं. पण कुणी उठवलं नाही.

ट्रायल

रविवारी सकाळी सासऱ्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली.

"पूर्वी एकवीस गिअर होते. हे अकरा दिसतायत. दहा कुणी खाल्ले?"

"बाबा, ते... जादाचे होते."

सासरे निघाले. मागून बायकोच्या सायकलवर मास्तर. पहिलं वळण, दुसरं वळण. गुडघा कुरकुरला नाही. "जावईबापू," सासरे ओरडले, "लोण्यासारखं चाललंय!"

अकरा वर्षांतलं पहिलं कौतुक! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि अक्कल तेवढीच वाहून गेली.

"बाबा, अजून एक राहिलाय! सगळ्यात हलका! दाबा खटका!"

सासऱ्यांनी दाबला.

चेन ताटावर चढू लागली, आखूड सदऱ्यासारखी ताणली, आकडा आडवा झाला आणि कड्! चेन तुटली. सासरे एका पायावर उतरले. दुसरा पाय दात्यांत. चर्रर्र! पँट गुडघ्यापर्यंत.

पाय शाबूत होता. सासरे खाली बसले आणि सवयीने कड्या मोजू लागले.

"आखूड आहे."

"जुनीवरून तंतोतंत कापली हो, बाबा!"

"आणि हे ताट मोजलंत?"

मास्तरांनी खिशातली टेप आणखी आत सरकवली.

"म्हणजे मोजलंत ते बरोबर. मोजायचं होतं ते सोडून सगळं मोजलंत."

"तुमच्या खात्यात अशा माणसाला काढून टाकत असतील ना?"

"छे! साहेब करत."

चेन पिशवीत गेली. सायकलवर रेलून, थांबत थांबत सासरे पायीच माथ्यावर पोचले. उतरताना चेन लागतेच कुणाला? ते फाटकी पँट फडफडवत, घंटी वाजवत खाली सुटले, आणि मास्तर मागून "ब्रेक! बाबा, ब्रेक!" करत.

घरी आल्यावर सासऱ्यांनी मास्तरांचा पायजमा घातला. बाहेर आले, पँटची घडी मास्तरांच्या हातात ठेवली.

"घ्या. तुमच्यामुळेच फाटली, तुम्हीच शिवा."

अकरा वर्षं! घडी छातीशी धरून मास्तर म्हणाले, "बाबा, काही काळजी करू नका. नव्यासारखी करतो. फक्त तुमची एखादी जुनी पँट द्या, नमुन्याला..."

"अहो!" आतून बायको ओरडली.

उशीर झाला होता. सासऱ्यांनी घडी हळूच परत ओढून घेतली.

"तीन बसथांबे," ते म्हणाले, "काही फार लांब नाहीत."