पंख्याच्या जाळीचं तोरण

आपल्या दुकानात काहीही वाया जात नाही, असं मास्तर सांगत, आणि ते खरं होतं. शर्टांतून उरलेल्या कापडाच्या त्यांनी उशा केल्या होत्या, उशांतून उरलेल्याच्या पिशव्या, आणि पिशव्यांतूनही जे उरलं ते पुन्हा उशांत भरलं होतं. त्यामुळे राष्ट्रीय दिनासाठी इमारतीच्या समितीने दारसजावटीची स्पर्धा लावली, तिथल्या झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांत दारावर गोल तोरण, तेही कमी खर्चात, तेव्हा मास्तरांनी निकाल स्वतःपुरता तिथेच जाहीर करून टाकला. कमी खर्च कशाला, ते बायकोला म्हणाले, खर्चच होणार नाही.

"तेवढं एका जागी बसून करा," बायको म्हणाली. "आज व्याही येणार आहेत."

एका जागी बसणं हीच अडचण होती. देवाने मास्तरांना शिंप्याचे हात दिले होते आणि पोस्टमनचे पाय. एक टीप मारली की ते उठत, खिडकीत जाऊन रस्ता बघत, परत येऊन दुसरी टीप मारत. घराची पुढची खोली हेच दुकान असल्याने दिवसभरात त्यांची चाल एखाद्या गावाएवढी होई आणि कपडे तरीही वेळेवर होत. ते कसे होत, हे गिऱ्हाइकांना कळत नसे. बायकोला कळे, कारण काजं-बटणं तीच करायची.

व्याह्यांचं प्रकरण मात्र नाजूक होतं. मास्तरांच्या मुलीचं लग्न नुकतंच ठरलं होतं, आणि मुलाचे वडील शहराच्या बँडचे बँडमास्तर. ताठ गृहस्थ. बोलायचे मोजून, हसायचे त्याहून मोजून. उद्याच्या संचलनासाठी त्यांचा नवा कोट मास्तरांकडे शिवायला होता. बँडच्या कोठारातलं जाड निळं कापड, एका बाजूने चमकदार, दुसऱ्या बाजूने मंद, बरोबर एका कोटाला पुरेल एवढं. "तुमच्या हाताची तारीफ ऐकली आहे," कापड देताना व्याही म्हणाले होते. "बघू." या 'बघू'ने मास्तरांच्या जिवाला घोर लावला होता. मुलगी द्यायची त्या घरात आपला हात कच्चा ठरला, तर जन्मभर मान खाली घालून जेवायला जावं लागणार.

कोट तयार होता, बाह्या सोडून. ज्या माणसाला दिवसभर हात वर करून छडी हलवायची आहे, त्याचा मुंढा, म्हणजे बाही बसते तो घेर, हात वर असतानाच टाचायचा आणि मग बाही कापायची, ही मास्तरांची पद्धत. म्हणून बाह्यांचं कापड न कापता, नुसतं गुंडाळून टेबलावर ठेवलेलं होतं. ही गुंडाळी वाचणाऱ्याने लक्षात ठेवावी. मास्तरांनी ठेवली नाही.

व्याही येण्याआधी टेबल आरशासारखं झालं पाहिजे, असा हुकूम सोडून मास्तर तोरणाच्या सांगाड्याच्या शोधात आत गेले. टेबल आवरण्याचा दुकानाचा नियम मास्तरांनीच घालून दिलेला होता: खडूची खूण असेल ते काम, फळीवर जाईल, खूण नसेल ते कातरण, पोत्यात जाईल. बायकोने नियम पाळला.

सांगाडा सापडला. टेबलफॅनची पुढची जाळी. पंखा चालू स्थितीत आहे, याकडे बायकोने लक्ष वेधलं. पाती आहेत ना, मग वारा येणारच, वाऱ्याला जाळी कशाला लागते, असं मास्तरांचं म्हणणं पडलं. जाळी निघाली. लाल रंग एका जाकिटाच्या अस्तरातून मिळाला, पांढरा खिशांच्या कापडातून. निळ्यासाठी त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि हाताला जे लागलं ते बाहेर काढताच त्यांचे डोळे भरून आले. जाड, चमकदार, अखंड. एवढं चांगलं कापड कोण सोडून जातं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण मनात आलेल्या गोष्टीपाशी थांबण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. दातेरी कात्रीने त्यांनी त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या आणि जाळीवर बांधल्या, प्रत्येक पट्टी चमकदार बाजू वर करून, कौलांसारखी एकीवर एक.

तोरण दारावर चढलं आणि जिन्यातली वर्दळ थांबली. समोरच्या दारात राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बाजारातून तयार तोरण आणून लावलं होतं. त्यांनी मास्तरांचं तोरण पाहिलं आणि त्यांचा चेहरा त्यांच्याच खुर्चीत बसलेल्या माणसासारखा झाला. मास्तर तेवढ्यासाठी चार वेळा दार उघडून बाहेर आले.

पाचव्यांदा उघडलं तेव्हा दारात व्याही होते. ते तोरणाकडे बघत होते. मास्तरांनी घरातल्या चिंध्यांमधून केल्याचं सांगितलं, नम्रपणे, म्हणजे दोनदा.

"चिंध्या?" व्याही म्हणाले.

"निव्वळ चिंध्या."

व्याह्यांनी एका निळ्या पट्टीवरून बोट फिरवलं, ती उलटी करून पाहिली, पुन्हा सरळ केली आणि आत येऊन कोट चढवला. मास्तरांनी टाचण्या तोंडात धरल्या आणि बाहीच्या कापडासाठी टेबलाकडे हात नेला. टेबल आरशासारखं होतं. त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला.

पुढचा संवाद भुवयांचा होता. मास्तरांच्या भुवयांनी विचारलं, बायकोच्या भुवयांनी पोत्याकडे दाखवलं. पोत्यावरून मास्तरांची नजर दाराकडे गेली आणि तोंडातली एक टाचणी खाली पडली. एकच पडली, हे त्यातल्या त्यात बरं. बाकीच्या गिळल्या गेल्या नाहीत.

"हात वर करू?" व्याह्यांनी विचारलं.

करा म्हणण्यावाचून इलाज नव्हता. व्याह्यांनी दोन्ही हात वर केले, छडी हलवल्यासारखे केले, एक अख्खी धून मनातल्या मनात वाजवली. "आजवरच्या सगळ्या कोटांनी काखेत ओढलं," ते म्हणाले. "हा ओढत नाही."

बाह्याच नाहीत म्हटल्यावर ओढणार कोण? मास्तर त्यांच्याभोवती फेऱ्या मारत राहिले आणि रिकाम्या मुंढ्यात टाचण्या खोचत राहिले. बाह्या कुठे आहेत असं विचारल्यावर, त्या चालू आहेत, सकाळी घरपोच मिळतील, असं त्यांनी सांगितलं. व्याही निघाले. दारात पुन्हा थांबले, तोरणाकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "सांभाळा हे."

ते जिना उतरतात न उतरतात तोच वरच्या मजल्यावर समितीच्या मंडळींचा आवाज आला. एकेक दार बघत मंडळी खाली येत होती. पाच मिनिटांत इथे असती. मास्तर दारात आले, आत गेले, पुन्हा दारात आले. आधी बक्षीस घेऊ, मग पट्ट्या सोडू, असा हिशेब त्यांनी मांडून पाहिला.

"सोडायला, इस्त्री करायला, जोडायला रात्र पुरायची नाही," बायको म्हणाली. कात्री तिच्या हातात होती. "तोंड कोणाला दाखवायचंय ते ठरवा. समितीला की व्याह्यांना?"

मास्तर आयुष्यात पहिल्यांदा एका जागी उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच पहिली गाठ सोडली.

समिती आली तेव्हा दारावर पंख्याची जाळी होती आणि तिला दोन-चार लाल चिंध्या लोंबत होत्या. अध्यक्षांनी बराच वेळ विचार करून यातून नेमका काय संदेश द्यायचा आहे, असं विचारलं. पंखा धुवून वाळत घातलाय, असं बायकोने आतून सांगितलं. पहिलं बक्षीस डॉक्टरीणबाईंना गेलं.

रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शिलाई मशीन चालू होतं, पंखा बंद होता, कारण उघड्या पात्यांजवळ कापड नेण्याची कोणाची हिंमत नव्हती. लाल अस्तरावर निळ्या पट्ट्या एकीवर एक बसवून, खांद्यापासून मनगटापर्यंत, दोन बाह्या उभ्या राहिल्या. उजाडताच कोट घरपोच झाला. विचारलंच तर हल्ली अशीच पद्धत आहे म्हणायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं.

संचलनात व्याही सगळ्यांच्या पुढे होते. त्यांनी हात वर केला की पट्ट्या फाकत आणि खालचं लाल अस्तर झळके, हात खाली आला की पुन्हा निळं. गर्दीने टाळ्या वाजवल्या. तुतारीवाल्यांचे दोन सूर चुकले, कारण ते बाह्यांकडे बघत होते. मास्तर रस्त्याच्या कडेने बँडबरोबर चालत होते, कधी पुढे, कधी मागे, आणि ओळखीचं कोणी भेटलं की कोट आपणच शिवल्याचं सांगत होते. शेवटच्या चौकापर्यंत त्यांची स्वतःचीही खात्री पटली होती की हा नमुना मुळातच त्यांच्या डोक्यात होता.

संचलन संपल्यावर व्याही त्यांच्यापाशी आले. घाम पुसला, दोन्ही हात वर करून दाखवले.

"ओढलं नाही," ते म्हणाले.

मास्तरांनी मान लववली. हल्ली अशीच पद्धत आहे, असं ते सांगायला लागले. पद्धत कुठून आली, मोठ्या शहरांतून काय काय चाललं आहे, सगळं सांगितलं. व्याह्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डावी बाही पुढे केली आणि कोपराजवळच्या एका पट्टीवर बोट ठेवलं. सगळ्या पट्ट्या चमकत होत्या. ती एकटी मंद होती.

"ही उलटी लागली आहे, मास्तर," ते हळूच म्हणाले. "काल दारावर सरळ करून गेलो होतो."