मर्लसाठी टोप्या काढा

माझी बायको मर्ल गेल्याचं गावात कळलं, त्याच दिवशी नगरपालिकेने तिची दखल घेतली. त्याआधी ती वर्षानुवर्षं शाळेसमोर पाटी धरून मुलांना रस्ता पार करून द्यायची आणि तिथे सावलीसाठी एक झाड मागायची. क्वीन्सलंडचं ऊन कुणाला माफ करत नाही. उत्तर ठरलेलं असे: झाडामुळे वाहनचालकांना मर्ल दिसणार नाही. मग तिच्या मानेवरचा तीळ काळा पडला, पसरला, आणि आता ती कुणालाच दिसत नाही.

नगरपालिकेची जागृती अधिकारी ट्रुडी पॅस्को घरी केक घेऊन आली. "वॉली, त्वचेच्या कॅन्सरचा जागृती दिन आपण मर्लच्या नावाने करतोय."

"त्यापेक्षा झाड लावा."

"झाड उद्यान खात्याकडे येतं हो. माझ्याकडे फक्त जागृती आहे."

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर भर दुपारी बाराला ठेवला, कारण फोटोला उजेड चांगला मिळतो. मंडप वाऱ्याने उडून कुणाला लागेल, म्हणून सुरक्षा खात्याने तो उतरवला. सनस्क्रीनचे डबे आणले होते, पण पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांना मलम लावता येत नाही. डबे शोभेला राहिले.

नगराध्यक्ष गंभीर आवाजात म्हणाले, "मर्लसाठी एक मिनिट शांतता. टोप्या काढा."

सगळ्यांनी काढल्या.

"वॉली, टोपी!" ट्रुडी कुजबुजली. "बायकोचा तरी मान राखा."

"ही तिनेच घालायला लावलीय," मी म्हणालो.

शांतता संपली, पण टोप्या परत घालू दिल्या नाहीत. त्या गवतावर मांडून मर्लचं नाव काढायचं होतं, वरून फोटो घ्यायला. तेवढ्यात बोडकी मुलं पळापळी करू लागली आणि मुख्याध्यापिकांना नियम आठवला: टोपी नाही, तर खेळ नाही.

"खेळ बंद! सगळे सावलीत बसा!"

"मिस, कुठल्या सावलीत?" एका मुलीने विचारलं.

"उलट उत्तर नको," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

मुलं उन्हातच ओळीने बसली. फोटो मात्र झकास आला. तुमच्याही फोनवर आला असेल. तुम्ही खाली लाल बदाम टाकून पुढे सरकला असाल. वाचताना तुमची स्वतःची टोपी कुठे होती, ते तुम्हालाच माहीत.

शाळेसमोर आता मर्लच्या जागी डॉट नावाची बाई पाटी धरून उभी राहते. झाड लावलेलं नाही. दर रविवारी मर्ल मला उजेडात उभं करून माझ्या पाठीवरचे तीळ तपासायची. ती गेल्यापासून माझी पाठ कुणी पाहिलेली नाही.