कम्प्युटरनं नायकाले कापलं

ढाणकीच्या कम्प्युटरच्या दुकानात बादल उघड्या डोळ्यानं सपन पाहे. स्क्रीनवर लोकाइचे सातबारे सरकत, अन् त्याले दिसे ठरलेली नवरी बबिता, कापसाच्या फुटल्या बोंडावानी हसणारी. (बोंड हसते काय, हे त्याले इचारू नका. लगन जमल्या पोट्ट्याले बैलबी हसतानाच दिसते.)

लगन बादलच्याच तांड्यात होतं. निवतं मोबाइलवर धाडाचं म्हणून त्यानं बाच्या अन् याडीच्या, म्हंजे आईच्या, फोनमधले नावं एका जागी ओतले. अर्धा तांडा दोन-दोनदा निंगाला. लोक हासतीन म्हणून त्यानं नाव, बापाचं नाव, आडनाव जोडून एकेक ओळ केली अन् कम्प्युटरले सांगतलं, सारख्या ओळीतली एकच ठेव. नंबर कायले पाह्यचा? बटन दाबलं. जास्तीच्या ओळी कापसावानी उडाल्या, अन् बादल खुर्चीतल्या खुर्चीत त्याइच्या मागं बबिताच्या तांड्यावर जाऊन आला.

हळदीले समदे आले, तांड्याचे मुखिया, नायक, तेवढे नाई. अन् नायकानं हो म्हटल्याबिगर तांड्यात हळद लागत नाई. बबिताचा बाप बोटावर गाडीची चाबी फिरवून राह्यलता. अजून थोडं पाहू म्हणे, नाईतं पोरगी घेऊन वापस जाऊ.

बादल पळतच गेला. देवसिंग खेमसिंग राठोड नायक बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. हेच नाव, हेच बापाचं नाव, हेच आडनाव असलेला दुसरा देवसिंग झरी जामणीले जंगलखात्यात होता. नायकाची ओळ उडाली अन् निवतं त्याच्याच नंबरवर गेलं. तो तं कवाचाच येऊन बुंदी खाऊन राह्यलता.

"काका, म्या नाई, कम्प्युटरनं कापलं तुमाले. त्याले वाटलं दोघं एकच."

"मंग त्यालेच बलाव ना हळद लावाले."

बादल बाजेपाशी खाली बसला अन् खरंच रडला. नायकाले ओळीइचं काई समजलं नाई, रडणं समजलं. त्याइनं पागोटं बांधलं.

मांडवात येऊन नायक म्हणाले, "लावा हळद." बादल पुन्हा तरंगाले लागला. तवर नायक बबिताच्या बापाकडं वळले.

"व्याही, पाहून घ्या हं. बादल शंकरसिंग राठोडबी आमच्याकडं दोन हाये. एक तलाठी हाये."

"अन् हा?"

"हा उरलेला."

बबिता ओढणीत तोंड घालून हासली. बोंडावानी तं बिलकुल नाई.